टाकीत काय उगवले आहे, हे सांगणार कोण?

देशातील विज्ञानवार्ता नेमाने वाचणाऱ्यांना ‘मत्स्य ६०००’ हे नाव नवे नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये ‘डीप ओशन मिशन’ला मंजुरी दिली, पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपयांचा खर्च मान्य केला, आणि तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेऊन सुखरूप परत आणणारे यान बांधायला घेतले. खोल समुद्रातील जीवसृष्टीचा शोध हे या मोहिमेच्या घोषित उद्दिष्टांपैकी एक आहे. मोहिमेला माझा मनापासून पाठिंबा आहे. एवढ्या दाबाखाली टिकणारे टायटॅनियमचे कवच घडवणे ही भौतिकशास्त्राच्या कोणाही विद्यार्थ्याला भुरळ पाडणारी गोष्ट आहे. पण याच मोहिमेच्या निमित्ताने एक क्षुल्लक वाटणारा प्रश्न विचारायचा आहे. बंगळुरू, पुणे किंवा कोलकाता येथील एखाद्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची दोनशे लिटरची टाकी आहे. एके सकाळी तिच्यातल्या दगडावर झालर असलेल्या तपकिरी चकत्यांचा एक पुंजका दिसतो. कोणी आणला नाही, कोणी लावला नाही. ते काय आहे, हे या देशात खात्रीने कोण सांगणार?

हा प्रश्न हसण्यावारी नेला जातो. ‘श्रीमंतांचा छंद आहे, त्यांचे ते पाहून घेतील’ हे एक ठरलेले उत्तर. ‘फोटो काढा, ॲपवर टाका, दोन सेकंदांत नाव मिळेल’ हे दुसरे. पहिले उत्तर बेपर्वाईचे आहे, दुसरे अवैज्ञानिक. आणि दुसरे उत्तर देणाऱ्यांत विज्ञानाच्या पदव्या मिळवलेली माणसेच अधिक आढळतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी अशी टाकी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तिच्यातल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तापमान २५ अंशांच्या आसपास राखलेले असते, वर निळसर एलईडी दिव्यांचा झोत असतो आणि तळाशी ‘लाइव्ह रॉक’ रचलेला असतो. दुकानदार त्याला जिवंत दगड म्हणतो आणि त्यात खोटे काही नाही. मुळात तो मेलेल्या प्रवाळांचा चुनखडी सांगाडा. पण त्याच्या छिद्राछिद्रांत जिवाणू, शैवालांचे बीजाणू, स्पंजांचे तुकडे, कृमी आणि गोगलगायींची अंडी दडलेली असतात. माणूस विकत आणतो चार मासे आणि दहा किलो दगड. दगडाबरोबर न बोलावलेल्या पाहुण्यांचे वऱ्हाड घरात येते. आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, ते दिसू लागते. गुलाबी-जांभळे कठीण पापुद्रे धरतात, ती चुना साठवणारी शैवाले. हिरवे टपोरे मणी दिसतात, ते व्हॅलोनिया; त्यातला एकेक मणी म्हणजे एकच पेशी, हे प्रथम वाचताना विश्वास बसत नाही. पांढऱ्या मुरडलेल्या नळ्या येतात. त्या निरुपद्रवी कृमीच्या असतील किंवा चिकट जाळे टाकून शेजाऱ्यांना हैराण करणाऱ्या व्हर्मेटिड गोगलगायीच्या. आणि एप्टेशिया नावाचे तपकिरी, जवळजवळ पारदर्शक समुद्रफूल तर हमखास येते. टाकीवाले त्याला तण समजून उपटायला जातात आणि तळव्याचा जो तुकडा दगडाला चिकटून राहतो त्यातून नवे समुद्रफूल उभे राहते. याच ‘तणा’चा जनुकसंच २०१५ साली प्रसिद्ध झाला, कारण प्रवाळ आणि त्याच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल यांचे सहजीवन प्रयोगशाळेत अभ्यासायला एप्टेशियाइतका सोयीचा जीव नाही. जगभरचे प्रवाळ पांढरे का पडतात, या प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्या प्रयोगशाळा तोच जीव मुद्दाम वाढवतात.

आता नावाकडे वळू. आपल्या भाषेतच इथे एक घोळ आहे, तो आधी निस्तरतो. मराठी विश्वकोशातल्या नोंदींत ‘जाती’ म्हणजे स्पीशीज; वृत्तपत्रांनी मात्र ‘प्रजाती’ हा शब्द स्पीशीजसाठी रूढ केला, जो विश्वकोशात त्याच्या वरच्या पायरीसाठी, म्हणजे जीनससाठी, वापरलेला आढळतो. मी विश्वकोशाच्या बाजूने आहे. ‘पॅलिथोआ’ ही प्रजाती. तिच्यात अनेक जाती. हा फरक पुढे जिवावर बेतणार आहे, म्हणून तो शब्दच्छल समजू नये.

छायाचित्रावरून जाती ओळखता येते, असे मानणाऱ्यांनी प्रथम प्रकाशाचा विचार करावा. हा माझ्या विषयातला भाग आहे, म्हणून जरा रेंगाळतो. या टाक्यांवरचे दिवे ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश मुबलक देतात. प्रवाळ आणि त्यांचे नातलग यांच्या ऊतींत अशी प्रथिने असतात जी निळा प्रकाश शोषतात आणि हिरवा, नारिंगी किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. यालाच अनुस्फुरण म्हणतात. म्हणजे छायाचित्रात दिसणारा झगझगीत हिरवा रंग ठरवणारे तिघे असतात: दिव्याचा वर्णपट, प्रथिनाचे अनुस्फुरण, आणि पांढरा रंग कोणता हे फोनने स्वतःच्या मनाने ठरवण्याची गणिती खटपट. दिवा बदला, तोच जीव विटकरी दिसेल. ज्या राशीचे मूल्य मापनयंत्र बदलताच बदलते, तिला आम्ही वस्तूचा गुणधर्म म्हणत नाही. (जाता जाता: प्रयोगशाळांत पेशी रंगवायला वापरले जाणारे प्रसिद्ध लाल प्रथिन डिस्कोसोमा या प्रवाळाच्या नातलगाकडून मिळाले. १९९९ साली ज्या रशियन संशोधकांनी ते जगापुढे आणले, त्यांनी त्यासाठी समुद्राकडे नव्हे, मॉस्कोतल्या मत्स्यालयांकडे पाहिले होते.)

रंग सोडला तरी उरते ते पुरेसे नसते. दगडी प्रवाळाची जाती ठरते ती त्याच्या सांगाड्यातील खळग्यांच्या मापावरून आणि त्यांतल्या पडद्यांच्या मांडणीवरून. तो सांगाडा मांसाखाली झाकलेला असतो. स्पंजाची ओळख त्याच्या शरीरातल्या सूक्ष्म काट्यांवरून पटते. मऊ प्रवाळाची ऊतींत विखुरलेल्या चुन्याच्या कणांवरून. समुद्रफुलासाठी दंशपेशींचे प्रकार मोजावे लागतात, स्नायूंचे काप घेऊन पाहावे लागतात. यांतले काहीही फोनच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. ॲप जे करते ते इतकेच: त्याला शिकवलेल्या छायाचित्रांपैकी कोणत्या ढिगाशी हे छायाचित्र अधिक जुळते ते सांगते. समोरचा जीव मुळात त्या ढिगांत नसेल तर ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याऐवजी ते जवळच्या ढिगाचे नाव देते, आणि तेही टक्केवारीसह. त्या टक्केवारीला मापनातील अनिश्चितता समजणे ही पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगवहीतही खपणार नाही अशी गोष्ट आहे. आयनॅचरॅलिस्टसारखी जबाबदार व्यवस्थासुद्धा पाळलेल्या आणि लावलेल्या जीवांच्या नोंदी संशोधनयोग्य प्रतीत धरत नाही. टाकीतली नोंद बहुधा त्याच रकान्यात जाऊन पडते, आणि मग जाणकार तिकडे क्वचितच फिरकतात.

एक उदाहरण देतो. हॅलिसिस्टिस नावाचे शैवाल म्हणजे हिरवा गोल फुगा. डर्बेशिया नावाचे शैवाल म्हणजे हिरव्या केसांचा झुपका. दोन्हींची छायाचित्रे कोणापुढेही ठेवा; दोघांचा काही संबंध आहे असे कोणी म्हणणार नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही त्यांना दोन वेगळ्या प्रजातींत ठेवले होते. १९३८ साली कोर्नमान यांनी ती संवर्धनात वाढवून दाखवले की फुगा आणि झुपका या एकाच शैवालाच्या आयुष्यातील दोन पिढ्या आहेत. हे कळायला छायाचित्र उपयोगाचे नव्हते. भांडे, समुद्राचे पाणी आणि चिकाटी लागली.

‘मग डीएनए पाहा’ असे कोणी म्हणेल. अवश्य पाहावा. पण प्राण्यांच्या ‘बारकोड’साठी जगभर वापरला जाणारा मायटोकॉन्ड्रियातला जनुकखंड प्रवाळ व समुद्रफुले यांच्या गटात इतका सावकाश बदलतो की जवळच्या जातींत तो पुष्कळदा एकसारखाच निघतो. दुसरे जनुक पाहावे लागतात, आणि ते जुळवून पाहायला आधी कोणीतरी खात्रीने ओळखलेल्या नमुन्यांचा संग्रह असावा लागतो. तो संग्रह वर्गीकरणतज्ज्ञ करतो. त्याला वगळून पुढे जाण्याची वाट काढली तरी ती वळसा घालून त्याच्याच दारात येते.

चुकीचे नाव हे नाव नसण्यापेक्षा घातक ठरू शकते, याचा दाखला मत्स्यालयाच्या काचेवरच सापडतो. १८८३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथे फ्रान्झ आयल्हार्ड शुल्झे यांना समुद्राच्या पाण्याच्या टाकीत, काचेवर सरपटणारा काही मिलिमीटरचा एक चपटा ठिपका दिसला. त्याला तोंड नाही, पोट नाही, डावे-उजवे नाही. त्यांनी त्याला ट्रायकोप्लॅक्स असे नाव दिले आणि हा अगदी वेगळा प्राणी असल्याचे सांगितले. १९०७ साली थिलो क्रुम्बाख यांनी जाहीर केले की हा स्वतंत्र प्राणी नसून एका जलचराची अळी आहे. हे मत पाठ्यपुस्तकांनी उचलले आणि अर्धशतकाहून अधिक काळ ट्रायकोप्लॅक्सकडे कोणी फारसे वळले नाही. कार्ल ग्रेल यांनी १९७१ साली त्याच्यासाठी प्लॅकोझोआ हा प्राणिसृष्टीचा एक संपूर्ण नवा संघ मांडला. ज्याला आपण ‘काचेवरचा डाग’ म्हणून स्पंजने पुसतो, तो प्राण्यांच्या उत्क्रांतीच्या मुळाशी जाणारा एक धागा होता. २००८ साली त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा साऱ्या जगाने दखल घेतली. मधली साठ-पासष्ट वर्षे अज्ञानामुळे वाया गेली नाहीत. आत्मविश्वासाने दिलेल्या एका उत्तरामुळे गेली. आजची ॲपे तेच उत्तर रोज लाखो वेळा देत आहेत.

आता त्या झालर असलेल्या तपकिरी चकत्यांकडे परत येतो. त्या बहुधा झोअँथिड आहेत. झोअँथिड हे समुद्रफुलांचे आणि प्रवाळांचे नातलग. दुकानात सारेच ‘कोरल’ म्हणून विकले जातात. त्यांतील पॅलिथोआ प्रजातीच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असते. हवाईतील माऊई बेटावर हाना नावाच्या ठिकाणी एका खळग्यातल्या ‘मारक शेवाळा’ची दंतकथा होती; भाल्याच्या टोकाला ते चोळत असत असे सांगितले जाई. शोध घेतल्यावर ते शेवाळ नसून प्राणी असल्याचे निघाले, आणि १९७१ साली मूर आणि श्युअर यांनी त्यातून हे विष वेगळे केले. एका रेणूत १२९ कार्बन अणू, रेणुभार सुमारे २,६८०. त्याची रचना उलगडायला आणखी दशक लागले. ते काम कसे करते हे पाहिले की अंगावर काटा येतो. आपल्या प्रत्येक पेशीच्या पटलात सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारा एक पंप असतो. त्या पंपावरच मज्जातंतूंचे संदेश आणि हृदयाचे ठोके चालतात. पॅलिटॉक्सिन पंपाला चिकटते आणि त्याचे उघड्या भोकात रूपांतर करते. पेशीने कष्टाने साठवलेला विद्युतदाब त्या भोकातून गळून जातो.

टाकीवाल्याला नको असलेला पुंजका दिसला की तो काय करतो? दगड बाहेर काढतो आणि त्यावर उकळते पाणी ओततो, नाहीतर ब्रशने घासतो. दोन्ही कृतींत विष हवेत आणि डोळ्यांत जाते. अमेरिकेत अशा रीतीने उकळते पाणी ओतणारा एक गृहस्थ श्वास कोंडून रुग्णालयात पोहोचला. त्यानंतर तिथल्या संशोधकांनी वॉशिंग्टन परिसरातील तीन दुकानांतून झोअँथिडचे नमुने घेऊन तपासले आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही नमुने अत्यंत विषारी होते, काहींत विष नावालाही नव्हते, आणि सामान्य माणसाने नुसत्या नजरेने निवड करावी असा फरक त्यांच्यात नव्हता. अलास्कात २०१२ ते २०१४ या काळात घरांत आणि दुकानांत घडलेल्या अशाच घटनांचा अहवाल अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी २०१५ मध्ये काढला. आपल्याकडे ताप, खोकला, छातीत धाप घेऊन आलेल्या रुग्णाला ‘घरात खाऱ्या पाण्याची टाकी आहे का?’ असे किती डॉक्टर विचारतील? विचारले आणि रुग्णाने ‘ॲप म्हणाले झोअँथस आहे’ असे सांगितले, तर? झोअँथस आणि पॅलिथोआ यांत गल्लत होणे हा ॲपच्या दृष्टीने क्षुल्लक दोष आहे. फुप्फुसांच्या दृष्टीने नाही.

हा प्रश्न एका घराच्या चार भिंतींत राहत नाही. टाकीचा कंटाळा आला की दगड आणि पाणी जवळच्या खाडीत जाते. १९८४ साली मोनाकोच्या समुद्रशास्त्रीय संग्रहालयाच्या खालच्या उथळ पाण्यात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या मत्स्यालयांत शोभेसाठी वाढवल्या जाणाऱ्या शैवालाचा सुमारे एक चौरस मीटरचा ठिगळ दिसला. ते कोठून आले आणि त्याने काय होईल यावर वाद रंगले. दरम्यान शैवाल भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर पसरत गेले आणि आज ते काढून टाकणे शक्य नाही. तेच शैवाल २००० साली कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात पाणबुड्यांना दिसले. नमुना लगेच तज्ज्ञाकडे गेला, ओळख पटली, डीएनएने भूमध्य समुद्रातल्याच वाणाची खात्री झाली, ताडपत्र्यांखाली क्लोरीन सोडून ठिगळे मारण्यात आली, आणि २००६ साली ते पूर्ण नष्ट झाल्याचे जाहीर झाले. जीव एकच, एका ठिकाणी वेळेवर ओळखला गेला, दुसऱ्या ठिकाणी वाद चालू राहिला.

आपल्याकडे काय स्थिती आहे? कप्पाफायकस हे परदेशी शैवाल मंडपमच्या किनाऱ्यावर व्यापारी लागवडीसाठी आणले गेले आणि २००८ साली ‘करंट सायन्स’मध्ये ते मन्नारच्या आखातातील कुरुसडई बेटाच्या प्रवाळांवर चढल्याची नोंद आली. स्नोफ्लेक कोरल म्हणून ओळखला जाणारा कॅरिजोआ रिसेई हवाईत काळ्या प्रवाळांना झाकून टाकण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. तो कच्छचे आखात, अंदमान आणि गोव्याजवळील ग्रँड बेट येथे नोंदला गेला आहे. गोव्याच्या नोंदीच्या शीर्षकातच संशोधकांनी प्रश्न विचारला होता: हे परक्या जीवाचे आक्रमण आहे, की मूळच्याच जीवाचे पुन्हा दिसणे? तो प्रश्न प्रामाणिक आहे, आणि लाजिरवाणाही. लाज त्या संशोधकांची नव्हे. परका कोण हे ठरवायला घरचे कोण याची यादी हवी, नमुन्यांसह, वर्षांसह. सुमारे अकरा हजार किलोमीटरचा किनारा मिरवणाऱ्या देशाने ती यादी पुरी करायला माणसे नेमायची असतात.

ती माणसे कमी का आहेत, याचे उत्तर आम्हा भौतिकशास्त्रवाल्यांनाही द्यावे लागेल. भौतिकशास्त्र सोडून बाकीचे सारे विज्ञान म्हणजे पोस्टाची तिकिटे गोळा करणे, अशा अर्थाचे वचन रदरफर्ड यांच्या नावावर खपवले जाते आणि आमच्या विभागांतल्या चहाच्या टेबलांवर ते अजून चवीने सांगितले जाते. रदरफर्ड यांना नोबेल मिळाले ते १९०८ साली, रसायनशास्त्राचे. आणि कणभौतिकीचे लोक वेळोवेळी जे जाडजूड कोष्टक काढतात, ज्यात प्रत्येक कणाचे वस्तुमान, आयुर्मान आणि क्षय नोंदलेले असतात, ते तिकिटांच्या वहीहून वेगळे काय आहे? ती वही नसती तर हिग्ज कण सापडला हे कोणत्या पार्श्वभूमीवर सांगितले असते? पण प्राणिशास्त्राच्या विभागांत मात्र वर्गीकरण हा जुनाट विषय ठरला. स्पंजांवर दहा वर्षे घालवून लिहिलेल्या ग्रंथाला मूल्यांकनाच्या तक्त्यात जे गुण मिळतात, त्याहून अधिक गुण तीन महिन्यांत उरकलेल्या एखाद्या निबंधाला मिळतात. तरुण मुलगी हुशार असेल तर ती हे गणित दुसऱ्याच वर्षी सोडवते आणि विषय बदलते. मग ‘मत्स्य ६०००’ खोल समुद्रातून जो जीव घेऊन येईल, त्याच्या डबीवर चिठ्ठी कोण लिहिणार? मोहिमेला चार हजार कोटी आणि चिठ्ठी लिहायला कंत्राटी प्रकल्प-सहायक, अशी वाटणी होणार असेल तर ती डबी शीतकपाटात तशीच राहील.

राहिला कायदा. २००१ साली केंद्राने सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, गॉर्गोनियन, अग्निप्रवाळ आणि बासरी-प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवले. हे योग्यच झाले. त्याआधी प्रवाळ चुन्यासाठी आणि शोभेसाठी खणून नेले जात होते. पण ही अनुसूची वाचायची तर दगडी प्रवाळ, डिस्कोसोमासारखे बिनसांगाड्याचे नातलग आणि झोअँथिड यांत भेद करता यायला हवा. म्हणजे कायद्याची अंमलबजावणीच वर्गीकरणावर उभी आहे. विमानतळावर पिशवी उघडणाऱ्या अधिकाऱ्याला तो भेद कोणी शिकवला? विषारी पॅलिथोआ त्या यादीत नाही. तो विकायला मोकळा. निरुपद्रवी दगडी प्रवाळ यादीत आहे, आणि लाइव्ह रॉक हा त्याचाच सांगाडा. पहिल्या अनुसूचीतील जीवाच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. परिणाम असा, की घरातल्या टाकीत काहीतरी संशयास्पद उगवले असे ज्याच्या लक्षात आले, तोच माणूस ते कोणाला दाखवायला घाबरतो. नमुना घेऊन सरकारी संस्थेत जाणे म्हणजे स्वतःच्या विरुद्ध पुरावा नेऊन देणे, अशी त्याची समजूत होते, आणि त्याला चूक म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तो गप्प बसतो, ॲपला विचारतो, आणि अखेरीस दगड खाडीत टाकून मोकळा होतो.

बेकायदा प्रवाळ विकणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. त्यांच्यावर खटले भरावेत. विक्रेता आणि घरात आगंतुक पाहुणा सापडलेला माणूस यांत कायद्याने फरक करावा, एवढेच म्हणणे आहे. ओळखीसाठी स्वखुशीने दिलेल्या नमुन्यावरून देणाऱ्याविरुद्ध कारवाई होणार नाही, असे पर्यावरण मंत्रालयाने लेखी जाहीर करावे. झेडएसआय ही संस्था १९१६ पासून उभी आहे. चेन्नईत तिचे सागरी केंद्र आहे, अंदमानात केंद्र आहे. गोव्यात दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे केंद्र आहे. इमारती आहेत, सूक्ष्मदर्शक आहेत, जुने संग्रह आहेत. प्रत्येक ठिकाणी अल्कोहोलच्या कुपीत नमुना स्वीकारणारी एक खिडकी, तिच्यामागे कायम नेमणुकीचा एक वर्गीकरणतज्ज्ञ, आणि महिन्याच्या आत उत्तर. ‘जातीपर्यंत ओळख पटली नाही, प्रजातीपर्यंत पटली’ हेही उत्तर चालेल. त्यात निदान अनिश्चितता सांगितलेली असते. डीप ओशन मिशनच्या पुढच्या टप्प्याचा अर्थसंकल्प मांडला जाईल तेव्हा यासाठी किती पदे आहेत हे विज्ञानवार्ता लिहिणाऱ्या पत्रकारांनी विचारावे. यान किती खोल गेले हे तर सारेच विचारतील.

मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला झोअँथिडचे गालिचे उघडे पडतात. हौशी लोक त्यांची छायाचित्रे काढतात, आणि काढावीत. पाहणे हीच सुरुवात असते. फक्त छायाचित्राखाली नाव लिहिताना प्रजातीवर थांबावे, आणि तीही ठाऊक नसेल तर तसे लिहावे.

तोवर ज्यांच्या टाकीत तो तपकिरी पुंजका आहे त्यांच्यासाठी: दगड उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, कोरडा घासू नका. हात घालायचाच असेल तर हातमोजे आणि चष्मा घाला, खिडक्या उघडा, हाताला जखम असेल तर काम दुसऱ्यावर सोपवा, लहान मुले आणि कुत्री-मांजरे दुसऱ्या खोलीत ठेवा. तोंडात धातूची चव येणे, हातपाय बधिर होणे, ताप, छाती आवळणे यांपैकी काहीही जाणवले तर रुग्णालयात जा आणि टाकीतल्या झोअँथिडबद्दल डॉक्टरांना आपणहून सांगा. पुंजक्याचा एक लहान तुकडा मोजे घालूनच अल्कोहोलमध्ये बुडवून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. बाटलीवर तारीख आणि दगड कोठून आणला ते लिहा. आणि टाकी मोडायची वेळ आली तर पाणी ब्लीच घालून ठेवल्याशिवाय बाहेर ओतू नका. दगड समुद्रात, खाडीत किंवा नाल्यात टाकू नका.